राहुटी की हॉटेल? अंदमानातील एका मुक्कामाचा हिशोब

(कोकण किनाऱ्यावरील ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांच्या एका अभ्यासवर्गात माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण.)



किनाऱ्यावरील पर्यटनाविषयी चार शब्द सांगावेत, असे निमंत्रण मला आले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी पर्यटनशास्त्राचा अभ्यासक नव्हे. कला शाखेचा पदवीधर, सरकारी नोकरीत माहिती देण्याघेण्याचे काम करणारा माणूस. परंतु आपल्यापैकी एका सरपंचांनी मला दूरध्वनीवर एक सरळ प्रश्न विचारला. त्यांच्या गावाच्या पुळणीमागे सुरूच्या बनालगत थोडी मोकळी जागा आहे. गावातील तरुण म्हणतात, तेथे राहुट्या उभारू. बाहेरचे एक गृहस्थ म्हणतात, जागा मला द्या, मी वीस खोल्यांचे देखणे हॉटेल बांधतो. "साहेब, तुम्ही अंदमानला जाऊन आला आहात. तिकडे दोन्ही चालते म्हणतात. यातले चांगले कुठले?" असे त्यांनी विचारले. त्यांना मी त्या वेळी उत्तर देऊ शकलो नाही. आजही एका वाक्यात देता येईल असे वाटत नाही. तेव्हा माझ्या कुटुंबाने तेथे काढलेल्या चार रात्रींची हकिगत सांगतो, आणि तिच्या अनुषंगाने काही माहितीही आपल्यापुढे ठेवतो.

आम्ही गेलो २०२३ च्या फेब्रुवारीत. मी, माझी पत्नी, महाविद्यालयात जाणारा मुलगा आणि बहात्तर वर्षांची आई. जाण्याचे निमित्त आईच होती. तिचे माहेर रत्नागिरीचे. तिचे वडील शाळामास्तर होते. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले तेव्हा माझे आजोबा शाळकरी वयाचे होते. त्या दिवसांच्या आठवणी ते मुलांना सांगत असत. ज्या कोठडीत सावरकरांनी दहा वर्षे काढली ती एकदा डोळ्यांनी पाहावी, ही इच्छा आईच्या मनात तेव्हापासूनची. सेल्युलर जेलचे बांधकाम १९०६ मध्ये पुरे झाले. तेव्हाच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. १९७९ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. कोठडीच्या दाराशी आई बराच वेळ उभी राहिली, आणि "अरुंद आहे रे," एवढेच म्हणाली. ज्या शहरात हे स्मारक आहे त्या पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये बदलून श्री विजयपुरम् असे झाले. आम्ही गेलो तेव्हा जुनेच नाव होते.

तेथपर्यंत वाद नव्हता. वाद पुढच्या मुक्कामावरून झाला. पोर्ट ब्लेअरहून सरकारी बोटीने सुमारे अडीच तासांवर हॅवलॉक हे बेट आहे. डिसेंबर २०१८ मध्ये त्याला स्वराज द्वीप हे नाव देण्यात आले. तेथील राधानगरच्या पुळणीला 'टाइम' साप्ताहिकाने २००४ साली आशियातील सर्वोत्तम समुद्रकिनारा म्हटले, आणि तेव्हापासून अंदमानला येणारा बहुतेक प्रवासी हॅवलॉकला जातोच. मुलाने घरूनच निश्चय केला होता की राहायचे ते तंबूत. पत्नीचे म्हणणे, आयुष्यात एकदा एवढे लांब येऊन वाळूवर का झोपायचे? तिने एक छोटे, अकरा-बारा खोल्यांचे, लाकूडकामाने सजविलेले हॉटेल हेरून ठेवले होते. अशा निवडक खोल्यांच्या, सजावटीवर भर देणाऱ्या महागड्या हॉटेलांना अलीकडे 'बुटीक हॉटेल' म्हणतात. शेवटी तडजोड झाली. दोन रात्री तंबूत आणि दोन रात्री हॉटेलात. सरकारी कार्यालयात असेच बहुतेक निर्णय होतात, असे पत्नी म्हणाली ते सोडून द्या.

तंबूंची जागा किनाऱ्यालगतच, पण पुळणीवर नव्हे. एका कुटुंबाच्या पोफळीच्या बागेत सहा तंबू होते. मालक पस्तिशीचा, बंगाली बोलणारा. हॅवलॉकची वस्ती मुख्यतः पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची आहे. १९५० नंतरच्या दशकात त्यांना जंगल तोडून वसविण्यात आले, आणि गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही गावे त्यांनीच उभी केली. आमच्या यजमानाचे आजोबा त्या पहिल्या लोकांपैकी. भात, नारळ, सुपारी आणि मासे यांवर दोन पिढ्या जगल्या, तिसऱ्या पिढीने तंबू घेतले. पोराटोरांसह सारे घर त्या कामात होते. त्याची आई रोज संध्याकाळी ताज्या माशांचे कालवण करी. तशी चव पुढे हॉटेलात मिळाली नाही.

राहुटीतील सुखाचे वर्णन मी करीन तेवढे थोडेच. ती बेटे पुष्कळ पूर्वेला असल्यामुळे, आणि घड्याळ मात्र साऱ्या देशाचेच असल्यामुळे, तेथे दिवस लवकर मावळतो. साडेपाच वाजता काळोख पडू लागतो. तंबूत एक दिवा, बाहेर भरतीचा आवाज आणि माथ्यावर आपल्या गावाकडे आता क्वचितच दिसणारे आभाळ. मुलगा रात्रभर बाहेरच चटई टाकून बसला होता. पहाटे पाचच्या सुमारास उजाडले तेव्हा ओहोटीचा समुद्र कितीतरी आत गेला होता. हा सारा आनंद आम्हाला जेवणखाण धरून चौघांना दिवसाकाठी जेवढ्या पैशात मिळाला, तेवढ्यात हॉटेलातील एका खोलीचे निम्मे भाडेही झाले नसते.

परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी आईला भोवळ आली. ऊन लागले असेल असे आम्हाला वाटले. यजमानाच्या आईने तिला शहाळ्याचे पाणी पाजले, जवळ बसविले आणि मग भाषेची अडचण असूनही त्या दोघींनी जे एकमेकींना सांगितले ते पत्नीकडून मला कळले. आदल्या दिवशी दुपारनंतर आईने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तंबूंचे शौचालय बागेच्या टोकाला, साठ-सत्तर पावलांवर होते. वाट काळोखाची, मुळांची. शौचालय भारतीय पद्धतीचे, आणि आईचे गुडघे गेली सहा वर्षे वाकत नाहीत. रात्री उठावे लागू नये म्हणून तिने पाणीच सोडले होते. आम्हाला सांगितले नाही, कारण नातवाचा हिरमोड झाला असता. मित्रहो, मी माहिती अधिकारी. लोकांनी काय विचारावे आणि कोठे विचारावे, हे मी वीस वर्षे लोकांना सांगत आलो. तंबू ठरविताना मी भाडे विचारले, जेवण विचारले, समुद्र किती दूर ते विचारले. शौचालय कसे आहे, हे मात्र विचारले नाही.

त्याच दुपारी आम्ही हॉटेलात गेलो. आईला पलंग मिळाला, बसण्याचे शौचालय मिळाले, रात्री वाटेत दिवा मिळाला. ती निश्चिंत झोपली. तेव्हा महागडे हॉटेल म्हणजे केवळ चैन, असे मी यापुढे म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसाला, गरोदर बाईला, अपंगाला, नुकत्याच आजारातून उठलेल्याला बेटावर जायचे असेल तर पक्के छप्पर आणि जवळ पाणी ही त्यांची गरज होय.

तथापि त्या खोलीत एक भले मोठे न्हाणीचे टबही होते. ते भरावयास किती पाणी लागते, हे मला विचारावेसे वाटले नाही. परंतु सकाळी फाटकाशी पाण्याचा टँकर उभा पाहिला आणि ओळख पटली. आदल्याच दिवशी हा टँकर आमच्या तंबूवाल्या यजमानाच्या वस्तीवर आला होता. घरातील बायका हंडे-बादल्या घेऊन त्याच्यापाशी उभ्या होत्या.

येथे थोडे थांबून पाण्याविषयी बोलले पाहिजे, कारण उष्ण कटिबंधातील कोणत्याही बेटावर तंबू की हॉटेल हा प्रश्न अखेर पाण्याशी येऊन ठेपतो. अंदमानात पाऊस वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो. म्हणजे जवळजवळ आपल्या रत्नागिरीइतका. आणि आपल्याप्रमाणेच तेथेही तो उतारावरून वाहून समुद्राला मिळतो. मे ते डिसेंबर हा पावसाचा काळ. जानेवारी ते एप्रिल कोरडा. प्रवाशांची गर्दी नेमकी या कोरड्या महिन्यांत. ओढे बारीक होतात, विहिरी तळ गाठतात आणि त्याच वेळी बेटावरची माणसे वाढतात. एप्रिल-मे महिन्यांत टँकरच्या यादीत नाव घालण्यासाठी अर्ज लिहिलेल्या सरपंचांना हे मी अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही.

आता थोडे गणित करू. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. भारतीय मानकांत साध्या हॉटेलसाठी दर खाटेमागे १८० लिटर, आणि पंचतारांकित हॉटेलसाठी ३२० लिटर धरले जाते. वीस खोल्यांचे, चाळीस पाहुण्यांचे उंची हॉटेल या हिशोबाने दिवसाला १२,८०० लिटर पाणी घेईल. ५५ लिटरच्या मापाने तेवढ्यात २३२ ग्रामस्थांची गरज भागते. चाळीस पाहुणे तंबूत उतरले आणि बादलीने न्हाले, तर २,२०० लिटरमध्ये निभाव लागतो. फरक सहापटीचा आहे.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळे व्हावे, असा मोह होतो. परंतु मी त्या बागेत आणखी एक अंतर पावलांनी मोजले होते. शौचालयाचा शोषखड्डा आणि घराची विहीर यांत जेमतेम अठरा पावले होती. जमीन वाळूमिश्रित. अशा जमिनीत सांडपाण्याचा झिरपा झपाट्याने होतो. सहा तंबूंचे एकवेळ खपेल, हंगामात शेजारीपाजारी मिळून साठ तंबू झाले तर? हॉटेलात सांडपाणी शुद्ध करणारे लहानसे यंत्र होते आणि ते पाणी बागेला दिले जात होते. व्यवस्थापकांनी ते मला अगत्याने दाखविले, आणि ते खरोखरच चालू होते, हेही नमूद केले पाहिजे. सांडपाणी समुद्रात गेले की उथळ पाण्यात शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरतो. अंदमानचा प्रवाळ आधीच दुखावलेला आहे. २०१० साली समुद्राचे तापमान वाढून तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. ज्या प्रवाळासाठी लोक येतात तोच मेला, तर तंबूवाला आणि हॉटेलवाला दोघेही एकाच होडीत.

लक्षद्वीपचे उदाहरण याहून बोलके आहे. एकूण जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, वस्तीची बेटे दहा, आणि लोक २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६४ हजार. तेथे डोंगर नाही, ओढा नाही. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखा पातळ थर होऊन तरंगते. विहिरीतून प्रमाणाबाहेर उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते, आणि एकदा खारट झालेली विहीर लवकर सुधारत नाही. म्हणूनच कवरत्तीला २००५ साली समुद्राचे पाणी गोडे करणारा, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारावा लागला. अशा ठिकाणी कोणाला किती खाटा टाकू द्यायच्या, हे विहिरीने ठरवायचे असते.

मालदीवमध्ये पर्यटन १९७२ मध्ये सुरू झाले. एका निर्जन बेटावर एक हॉटेल, ही तेथील रीत. वीज, पाणी, कचरा सारे हॉटेलाने पाहावयाचे. गावकऱ्यांच्या विहिरीला त्यामुळे धक्का लागला नाही, पण गावकऱ्यांच्या घरात पाहुण्यांचा पैसाही थेट आला नाही. २००९-१० च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर लहान अतिथिगृहे काढण्यास मोकळीक मिळाली, तेव्हा तो येऊ लागला. त्याबरोबर कचरा आणि सांडपाण्याचा भारही गावावर आला.

पैशाचा प्रश्न निघालाच आहे तर आमच्या चार रात्रींचा हिशोबही सांगतो. तंबूत दिलेले पैसे त्या घरातच राहिले. तांदूळ शेजारचा, मासळी धक्क्यावरची, नारळ परसातले. हॉटेलात आम्ही पुष्कळ अधिक पैसे दिले. तेथील भाजी आणि लोणी मुख्य भूमीवरून बोटीने आलेले होते, स्वयंपाकीही तिकडचाच, आणि मालक कोलकात्यात राहणारे. यावरून तंबूच श्रेष्ठ, असे मी मनात ठरवीत होतो. तोच चहा घेऊन आलेल्या तरुणाने आमच्या यजमानाचे नाव घेतले. तो त्यांचा पुतण्या निघाला. मी त्याला विचारले, काकांकडे काम का करीत नाहीस? तो म्हणाला, काकांकडे हंगामापुरते काम असते, इथे बारा महिने पगार आहे, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, बहिणीच्या लग्नाला बँकेने त्याच्या पगारपत्रकावर कर्ज दिले. सहा तंबूंच्या बागेत हे होण्यासारखे नाही. माझ्या निष्कर्षाला तेथे खीळ बसली आणि ती अजून निघालेली नाही.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण आपल्या शाळांच्या सहली आता दूरदूर जाऊ लागल्या आहेत. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. खाडीच्या मुखाशी किंवा खाजणाच्या कडेला तंबू ठोकणे म्हणजे संकटाला आमंत्रण. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने निकोबार बेटांवर काय अनर्थ केला, हे सर्वज्ञात आहे. तेव्हा मुक्काम कोठेही असो, उंचवट्याकडे जाणारी वाट आल्याबरोबर पाहून ठेवावी. तंबू उधाणाच्या भरतीच्या रेषेपासून पुष्कळ आत असावा. पौर्णिमा-अमावास्येला समुद्र कोठवर येतो, हे तेथील कोळ्याला विचारावे. नारळाच्या झाडाखाली तंबू लावू नये, हे कोकणात सांगण्याची गरज नाही, पण मुंबई-पुण्याच्या मंडळींना सांगावे लागते. वाळूतील बारीक माशा संध्याकाळी चावतात आणि खाज आठवडाभर राहते. अंगभर कपडे हाच त्यावर उपाय. शिवाय ती बेटे म्हणजे मोकळे रान नव्हे. आदिम जमातींची राखीव क्षेत्रे आणि राष्ट्रीय उद्याने यांत तंबू ठोकणे दूरच राहिले, पाऊल टाकण्यासही परवानगी लागते. काही राखीव क्षेत्रांत तर पर्यटकाला प्रवेशच नाही. पुळण मोकळी दिसली म्हणून राहुटी उभारली, असे चालत नाही.

आता आपल्या सरपंचांच्या प्रश्नाकडे वळतो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, आणि त्यानंतर घरगुती न्याहारी-निवासाचा मार्ग आपल्या अनेक गावांनी चोखाळला. तेव्हा आपण कोऱ्या पाटीवर लिहीत नाही. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर जागा एकदम आणि कायमची कोणालाही देऊ नये. राहुट्या हंगामानंतर उचलता येतात, चूक झाली तर दुरुस्त करता येते. सिमेंट उचलता येत नाही. परंतु राहुटी म्हणजे आपोआप निर्दोष, असेही समजू नये. ग्रामसभेत ठराव घेण्यापूर्वी निदान एक उन्हाळा गावातील विहिरींची पाणीपातळी दर आठवड्याला मोजून वहीत लिहावी. हे काम शाळेतील मुले उत्तम करतात. दोरी, वजन आणि मोजपट्टी एवढेच साहित्य लागते. मे महिन्याच्या शेवटी जे पाणी उरेल त्यावरून पाहुण्यांच्या खाटा मोजाव्यात, मग त्या कापडाखाली असोत की काँक्रीटखाली. हॉटेलवाल्या गृहस्थांनाही हीच वही दाखवावी. पावसाचे पाणी साठवून ठेवण्याची टाकी ते स्वतःच्या खर्चाने बांधणार का, सांडपाणी कोठे सोडणार, गावातील किती मुलांना बारमाही नोकरी देणार, हे लेखी घ्यावे. लेखी द्यायला ते काकू करू लागले, तर उत्तर तेथेच मिळाले.

आणि तरुणांना माझे एक सांगणे आहे. राहुट्या जरूर उभारा. शौचालय मात्र आधी बांधा, विहिरीपासून दूर बांधा, आणि वाटेवर दिवा लावा.

आम्ही परत आल्यानंतर दोन महिन्यांनी त्या यजमानाचा दूरध्वनी आला. आईची प्रकृती विचारली. मग म्हणाला, यंदा पावसाळ्यापूर्वी घराला लागून दोन पक्क्या खोल्या बांधतो आहे, आतच बसण्याचे शौचालय करायचे आहे. गवंडी उंची विचारतो आहे. म्हाताऱ्या माणसाला किती उंच बसायला सोयीचे पडते, ते माताजींना विचारून सांगाल का? मी आईला घरातील दोन-तीन खुर्च्यांवर बसवून मोजपट्टीने मोजले आणि त्याला कळविले, अठरा इंच.